दादाची नाईट आणि मेंदूतल्या वीस हजार पेशी

वहिनींनी विचारलेला प्रश्न साधाच होता. "भावजी, शिफ्ट एका दिवसात बदलती, बोर्डावर नाव इकडचं तिकडं केलं की झालं, मग माणसाचं अंग बदलायला आठ-आठ दिवस का लागत्यात हो? तुम्ही शाळेत सायन्स शिकवता न्हवं, सांगा बघू."

दादा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, मेल्टिंगला आहे, फर्नेसवर, म्हणजे भट्टीवर. कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना चप्पल आणि तांबडा-पांढरा आठवतो, पण देशातल्या कितीतरी गाड्यांची नि ट्रॅक्टरची कास्टिंग इथनं जातात आणि ती ओतणारी माणसं रात्रभर जागी असतात हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. रात्रीची वीज उद्योगांना स्वस्त पडायची म्हणून मेल्टिंग रात्री उरकायची सवय इथं जुनी आहे. एक आठवडा फर्स्ट म्हणजे सकाळची, एक आठवडा थर्ड म्हणजे रात्रीची, एक आठवडा सेकंड म्हणजे दुपारची, असं फिरत राहतं, आणि दादाचं हे असं फिरणं मी शाळेत होतो तेव्हापासून बघतोय.

नाईटचा पहिला दिवस म्हणजे कसबा बावड्यातल्या आमच्या त्या घरात सगळ्यांचीच परीक्षा. दादा सकाळी साडेसातला येतो, अंघोळ करतो, दोन भाकऱ्या खातो आणि मागच्या खोलीत जातो. खिडकीवर वहिनींनी जुनी गोधडी दुहेरी करून खिळ्यांना अडकवलीय, दाराखालच्या फटीला पोतं लावलंय, बाहेरच्या दारावर पुतणीनं स्केचपेननं लिहिलेला कागद, 'बेल वाजवू नका, पप्पांची नाईट आहे'. नळाला पाणी आलं की वहिनी बादलीखाली फडकं घालतात, आवाज नको म्हणून, मिक्सर तर लावतच नाहीत, खोबरं पाट्यावर वाटतात. एवढं सगळं करून साडेअकराला जाऊन बघावं तर दादा अंथरुणावर उठून बसलेला, डोळे लाल, टॉवेल मांडीवर. म्हणतो, "झोप येतीया, खरं लागंना झालीया." आणि तोच माणूस पहाटे तीन-साडेतीनला, जेव्हा लेडलमध्ये, म्हणजे ओतायच्या डोलात, चौदाशे डिग्रीच्या आसपासचं लोखंड असतं, तेव्हा झोपेशी झगडत उभा असतो. ती वेळ सगळ्यात वाईट, असं तो सांगतो आणि त्याच्या लाईनवरची सगळीच माणसं सांगतात.

तर वहिनींचा प्रश्न. मी त्याच्या मागे लागलो आणि जे जे वाचत गेलो त्यानं खरंच भारावून गेलो, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी एका ठिकाणी एकमेकींना छेदतात. त्या जागेच्या बरोबर वर पेशींचे दोन अगदी बारीक पुंजके असतात, एक डावीकडं एक उजवीकडं. नाव लांबलचक आहे, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस, सगळे एससीएन म्हणतात. उंदराच्या मेंदूत दोन्ही मिळून साधारण २०,००० पेशी. अख्ख्या मेंदूच्या मानानं बघितलं तर काहीच नाही. पण १९७२ साली अमेरिकेत दोन वेगवेगळ्या गटांनी, एकीकडं मूर आणि आयक्लर, दुसरीकडं स्टीफन आणि झुकर, उंदरांमधला हा पुंजका नष्ट करून बघितला आणि उंदरांचा दिवसच मोडला. म्हणजे ती झोपायची थांबली नाहीत, पाणी प्यायची थांबली नाहीत, सगळं करत होती, पण कधीही. थोडं झोप, थोडं ऊठ, थोडं पळ, दिवस-रात्र असा काही फरकच उरला नाही.

एवढ्यावरनं एखादा म्हणेल की त्या जागेतनं नुसता एखादा रस्ता जात असेल, घड्याळ दुसरीकडंच असेल, रस्ता तुटला म्हणून गडबड झाली. त्याचं उत्तर मिळायला १९९० उजाडलं, आणि ते उत्तर ज्या पद्धतीनं मिळालं ते मला आजही वर्गात सांगताना अंगावर काटा येतो. हॅमस्टर नावाचा उंदरासारखा एक प्राणी असतो, त्याचं घड्याळ साधारण २४ तासांचं. १९८८ मध्ये मायकेल मेनाकर यांच्या लॅबमध्ये मार्टिन राल्फ यांना योगायोगानं एक वेगळाच हॅमस्टर सापडला, त्याच्या वंशातल्या काही पिल्लांचं घड्याळ २० तासांचं निघालं. कायम अंधारात ठेवलं तरी बरोबर २० तासांनी त्यांचा 'दिवस' सुरू व्हायचा. मग त्यांनी काय केलं, साध्या हॅमस्टरचा एससीएन काढून टाकला, त्याचा दिवस मोडला, आणि त्या जागी २० तासवाल्याच्या पेशी बसवल्या. काही दिवसांत त्याचा दिवस परत आला, पण आला तो २० तासांचा! उलटं केलं तेव्हा उलटं झालं. अंग एकाचं आणि वेळ दुसऱ्याची. म्हणजे वेळ त्या पेशींमध्येच होती, रस्ताबिस्ता नाही.

पेशीच्या आत हे चालतं कसं ते थोडक्यात सांगतो. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांनी फळमाशीत एक जनुक शोधलं, त्याला पिरियड म्हणतात, ते बिघडलं की माशीचा दिवस लांबतो, आखूड होतो किंवा मोडतोच. पुढं हॉल, रोसबॅश आणि यंग या तिघांनी त्याची यंत्रणा उलगडली आणि त्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्यासारख्या प्राण्यांत क्लॉक आणि बीमल-१ नावाची दोन प्रथिनं मिळून पर आणि क्राय ही जनुकं चालू करतात, त्यांच्यापासून प्रथिनं तयार होतात, साठत जातात, मग तीच प्रथिनं पेशीच्या केंद्रात परत येऊन क्लॉक-बीमलचं काम थांबवतात, म्हणजे स्वतःचंच उत्पादन बंद पाडतात. हळूहळू ती विघटन होऊन संपली की परत चालू. या एका फेऱ्याला जवळपास २४ तास लागतात. बस्स, हेच एका पेशीचं घड्याळ.

पण मला अडकवून ठेवलं ते पुढच्या गोष्टीनं. प्रत्येक पेशीत स्वतंत्र घड्याळ असेल तर मग २०,००० घड्याळं झाली ना? आणि ती सगळी सारखी असतील कशावरनं?

नाहीतच. १९९५ मध्ये डेव्हिड वेल्श आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या एससीएनच्या पेशी एकमेकींपासून सुट्या करून काचेच्या बशीत वाढवल्या, खाली बारीक बारीक इलेक्ट्रोड, कुठली पेशी कधी विजेचे ठोके देतेय ते आठवडेच्या आठवडे मोजत राहिले. प्रत्येक पेशी आपापला दिवस पाळत होती. एक जोरात चालू असताना शेजारची शांत. एकीचा दिवस थोडा आखूड, दुसरीचा थोडा लांब, त्यामुळं आज जुळलं तरी उद्या सुटणार. म्हणजे एकटी पेशी वेळ सांगते पण ती तिची स्वतःची वेळ असते, अंगाच्या कामाची नाही. अंगाला जी लागते ती सगळ्यांनी मिळून ठरवलेली वेळ, आणि ती तेव्हाच होते जेव्हा पेशी आपल्या जागेवर एकमेकींशी बोलत असतात.

आमच्या गावाकडं मारुतीच्या देवळात एकादशीला भजन असतं. वीस-पंचवीस टाळकरी दोन रांगांत, समोर काठी घेऊन कुणी उभं नसतं. प्रत्येकाचा हात थोडा मागं-पुढंच पडत असतो पण शेजारच्याचा टाळ कानावर पडतो आणि हात आपोआप सरकतो, अभंग रंगात आला की वाटतं एकच टाळ वाजतोय. एससीएनमध्ये नेमकं असंच चालतं असं मला वाटतं. तिथं कानाचं काम करतात काही रसायनं. एससीएनच्या खालच्या भागातल्या पेशी व्हीआयपी नावाचा एक छोटा प्रथिनासारखा रेणू सोडतात, तो बाकीच्यांना पोचतो आणि त्यांची घड्याळं किंचित मागं-पुढं करतो. २००५ मध्ये एरिक हर्झॉग यांच्या लॅबनं दाखवलं की ज्या उंदरांत व्हीआयपीच नाही किंवा ते ओळखणारा रिसेप्टर नाही त्यांच्या एससीएनमधल्या पेशी एकमेकींपासून सुटतात, बऱ्याचशांचा तर ठेकाच जातो, आणि अख्ख्या प्राण्याचा दिवस विस्कटतो. पेशी जिवंत, जनुकं शाबूत, फक्त एकमेकींचं ऐकू येईना झालं. गाबा नावाचं रसायनही यात आहे, व्हॅसोप्रेसिन आहे. आणि गेल्या काही वर्षांत कळलंय की चेतापेशींच्या आजूबाजूला असणाऱ्या अॅस्ट्रोसाइट, ज्यांना इतकी वर्षं नुसत्या हमाल पेशी समजलं गेलं, त्यांचंही घड्याळ असतं, त्या रात्री जास्त काम करतात जेव्हा एससीएनच्या चेतापेशी शांत असतात. केंब्रिजच्या मायकेल हेस्टिंग्ज यांच्या गटानं २०१९ मध्ये दाखवलं की नुसत्या अॅस्ट्रोसाइटचं घड्याळ चालू ठेवलं तरी उंदराचा दिवस उभा राहतो. ज्यांना कुणी मोजत नव्हतं त्या पेशी!

आता वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर. २०१३ साली जपानमध्ये क्योटो विद्यापीठात यामागुची, ओकामुरा आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्यात व्हॅसोप्रेसिनचे दोन रिसेप्टर नव्हते, म्हणजे पेशींचं आपसातलं एक महत्त्वाचं बोलणं बंद. मग त्यांनी पिंजऱ्यातल्या दिव्याची वेळ एकदम आठ तासांनी सरकवली. साध्या उंदरांना नवीन दिवसाशी जुळवून घ्यायला आठवडा, त्याहूनही जास्त लागला, अगदी दादासारखाच. आणि या उंदरांनी? जवळजवळ लगेच जुळवून घेतलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गच्चीवर फेऱ्या मारल्या. कारण याचा अर्थ असा की वेळ लागतो तो पेशी कमकुवत आहेत म्हणून नाही, त्या एकमेकींना घट्ट धरून आहेत म्हणून. उजेडाची बातमी आली की आज दिवस उशिरा उगवला, तर काही पेशी लगेच सरकायला बघतात, पण बाकीच्या त्यांना मागं ओढतात, थांब, एका दिवसावर विश्वास ठेवू नको. आणि हे असं असायलाच पाहिजे ना. लग्नाच्या जागरणाला एक रात्र उजेडात गेली, जोतिबाच्या यात्रेला रात्रभर चालत गेलो, आभाळ भरून आल्यानं दुपारी अंधार पडला, अशा प्रत्येक वेळी अंगाचा दिवस उलटापालटा झाला असता तर माणूस टिकलाच नसता. पेशींची ही एकी आपल्याला सांभाळते. दादाला जो त्रास होतो तो त्याच्या मेंदूतली सगळ्यात भरवशाची गोष्ट आपलं काम चोख करतेय म्हणून होतो. वहिनींना मी असंच सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हंजी ह्येंच्यात काय दोष न्हाई." सासूबाईंपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी दादाला दिवसा झोपणारा, चिडका, आळशी म्हटलेलं त्यांनी वीस-बावीस वर्षं ऐकलंय.

नाही, काहीच दोष नाही.

मध्येच एक सांगून टाकतो, आपल्याकडंही या विषयात फार सुंदर काम झालंय आणि त्याचं नाव फारसं निघत नाही. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी आयुष्य या विषयाला दिलं. १९८१ मध्ये मारिमुथू, राजन आणि त्यांनी गुहेतल्या वटवाघळांवर एक अभ्यास छापला. गुहेत कायम अंधार, तिथं पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळाला बाहेर संध्याकाळ झालीय हे कळायला मार्ग नाही. पण गुहेतली बाकीची मोकळी वटवाघळं रोज संध्याकाळी बाहेर उडायची आणि पहाटे परतायची, आणि त्यांच्या या येण्या-जाण्यावरनं पिंजऱ्यातलं वटवाघूळ आपला दिवस बरोबर धरून ठेवायचं. सोबतीला कुणी नसलं की त्याचा दिवस बाहेरच्या दिवसापासून सुटत जायचा. पेशी शेजारणीकडनं वेळ घेते, वटवाघूळही घेतं.

आणि उजेड? तो सगळ्यात मोठा. डोळ्याच्या पडद्यात बघायच्या पेशींशिवाय आणखी थोड्याशा पेशी असतात, त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या पेशी स्वतःच उजेड ओळखतात आणि थेट एससीएनला कळवतात. आकाशाच्या निळ्या उजेडाला त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात. त्या चित्र बघत नाहीत, किती उजेड आहे आणि किती वेळ आहे एवढंच सांगतात. म्हणून नजर पूर्ण गेलेल्या काही माणसांचंही घड्याळ दिवसाशी जुळलेलं राहतं, या पेशी शाबूत असतात म्हणून. आणि ज्यांच्या डोळ्यांत काहीच उरलेलं नसतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची झोप रोज थोडी थोडी पुढं सरकत जाते.

दादा सातला सुटतो आणि लख्ख उजेडातनं पंचगंगेचा पूल ओलांडून घरी येतो. तो उजेड त्याच्या एससीएनला रोज ठणकावून सांगतो की सकाळ झाली, ऊठ. घरी येऊन तो आडवा होतो तेव्हा अंगाचं तापमान चढत असतं, अंगाला जागं ठेवणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक वर असतं, म्हणजे आतलं सगळं कामाला लागलेलं. गोधडी खिडकीवरचा उजेड अडवते, पुलावरचा नाही. आता तो येताना काळा गॉगल घालतो. गल्लीतली पोरं सुरुवातीला हसली, पण दादा म्हणतो थोडा फरक वाटतोय, आणि मला त्याचं तेवढं म्हणणं पुरे आहे.

पोटाचं काय हा आणखी वेगळा विषय. यकृतात, आतड्यात, जवळजवळ सगळ्या अवयवांच्या पेशींत हेच जनुकांचं घड्याळ असतं. एससीएन त्यांना वेळ कळवतो, पण यकृत जेवणाच्या वेळेवरनंही आपली वेळ सरकवतं. २००० च्या सुमाराला उंदरांवर हे नीट दाखवलं गेलं, जेवण फक्त झोपेच्या वेळी दिलं तर काही दिवसांत यकृताचं घड्याळ उलटतं आणि एससीएन मात्र जागचा हलत नाही. म्हणजे एकाच अंगात दोन वेळा. रात्री दोनला कँटीनची उसळ-भात, सकाळी घरी भाकरी, दुपारी उठल्यावर परत जेवण, दादाला गेली कित्येक वर्षं ॲसिडिटी आहे, डॉक्टर गोळी देतात, त्यानं बरं वाटतं. मी वहिनींना एवढंच म्हटलं की मध्यरात्रीचं जेवण शक्य तेवढं हलकं ठेवा आणि मुख्य जेवण नाईटला जायच्या आधी करा. त्या म्हणाल्या हे तर आमची आत्ती पण सांगायची, रात्री पोट भरून खाऊ नका म्हणून.

हे नुसतं झोपेपुरतं असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं २००७ मध्ये, दिवस-रात्रीची लय मोडणारी शिफ्ट ही बहुधा कॅन्सरला कारण ठरू शकते अशा गटात टाकली, आणि २०१९ मध्ये परत तपासून नाईट शिफ्टला तोच गट कायम ठेवला. शुगर, बीपी, हृदयाचे त्रास यांचाही संबंध पुन्हा पुन्हा दिसलाय. आणि आपल्या जिल्ह्यात नाईट फक्त एमआयडीसीत नाही. इचलकरंजीत माग रात्रभर चालतात. सीझनला साखर कारखाने तिन्ही शिफ्ट. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर रात्रभर उभ्या. आणि शेतकरी, त्यांना कुणी शिफ्टवाले म्हणत नाही पण शेतीपंपाची लाईट आलटून-पालटून एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, मग उसाला पाणी पाजायला माणूस थंडीत रात्री दोनला सरीत उभा, साप, गवा, अंधार, आणि पुढच्या आठवड्यात परत दिवसा. शिफ्ट फिरते तीच फिरते, फक्त मस्टर नाही. दिवसा वीज द्या म्हणून या भागात आंदोलनं झाली तेव्हा लोकांनी सापाचं आणि बिबट्याचं बोलून दाखवलं, ते खरंच आहे, पण मेंदूतल्या या पेशींसाठीसुद्धा ती मागणी तितकीच रास्त होती असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र पैसे न खर्च करता बदलता येते, आणि तिथं मी अडून बसलोय. १९९९ मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी मोजलं की माणसाचं आतलं घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास असतं, म्हणजे २४ पेक्षा किंचित लांब. त्यामुळं आपल्या अंगाला उशिरा झोपणं सोपं जातं आणि लवकर झोपणं अवघड. मग शिफ्ट फिरवायचीच असेल तर फर्स्टवरनं सेकंड, सेकंडवरनं थर्ड अशी पुढं फिरवावी, अंग त्याच दिशेनं सरकायला तयार असतं. दादाच्या कारखान्यात ती उलटी फिरते, फर्स्टवरनं थर्ड, थर्डवरनं सेकंड, का तर पूर्वीपासून तशीच आहे. ती आठवड्याला फिरवण्यावरही बोलता येईल, कारण आठवडा म्हणजे पेशी कुठं जुळत येतात न येतात तोवर परत बोर्डावर नाव सरकलेलं.

दादाच्या लाईनवरच्या माणसांनी मिळून आता मॅनेजमेंटला अर्ज दिलाय. मराठीत मी लिहून दिला, एका पानात बसवला, वरची हॅमस्टरची गोष्ट घालायचा मोह आवरला. सह्या दादानं गोळा केल्या, साचे करणाऱ्या मोल्डिंगवाल्यांच्या, कास्टिंग घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्यांच्या पण. एक-दोघांनी विचारलं पगार कापणार काय, दादानं सांगितलं न्हाई रं, नुसती चाकोरी उलटी करायची. सुपरवायझरनं अर्ज वाचला, दोनदा वाचला असं दादा म्हणतो, आणि विचारलं की हे एका महिन्यासाठी फक्त मेल्टिंगला करून बघितलं तर चालेल काय. चालेल म्हणून सांगितलंय. पुढच्या महिन्याच्या चार्टला ठरेल.